एका क्रेटला दोन लॉट

सलीमभाई, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. असं लिहू नये, लोक नावं ठेवतील. पण तुमच्या बाबतीत एकदा खोटं बोलून झालंय, पुन्हा ते नको.

सकाळी साडेदहाला मी क्रांती चौकाच्या सिग्नलला होते. फोनवर रुकय्या भाभींचं नाव दिसलं आणि मी स्कूटी कडेला घेतली. भाभी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "वर्षा, गए तुम्हारे भाई. चाय मांगे, मैं अंदर गई, लेके आई तो... आराम से गए." मागून कुणीतरी हॉर्न देत होतं. वर्षभर एकेका श्वासासाठी तुमची चाललेली ओढाताण थांबली, हे पहिलं मनात आलं. दुसरं आलं ते स्वार्थाचं. बरं झालं, मी त्या रविवारी जाऊन आले. फक्त आठ दिवस आधी. तीन वर्षं मी येणं पुढं ढकलत होते. तोही रविवार ढकलला असता तर आज भाभींच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?

आपली ओळखच भांडणातून झाली. सहा वर्षांपूर्वी वाळूजच्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा आले. दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना तिथं बनायच्या, आणि तुम्ही माल तपासणारे इन्स्पेक्टर होतात. कागदाची रजिस्टरं बंद करून संगणकावर फॉर्म आणायचे होते. फॉर्म बनवण्याआधी त्यांची आकृती काढायची, ते माझं काम. तुम्ही म्हणालात, आम्हाला समजेल असं काढून दाखवा. मी तुमच्याच खडूनं तपासणीच्या लोखंडी टेबलावर दोन चौकटी काढल्या. वरची लॉटची, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या मालाची. खालची क्रेटची, ज्यात तो माल भरला जातो. मध्ये एक रेघ. रेघेच्या वरच्या टोकाला एकचा आकडा, खालच्या टोकाला तारा.

"वरचा पेरेंट फॉर्म, खालचा चाइल्ड फॉर्म," मी सांगितलं. "वर लॉटची माहिती एकदाच भरायची. खाली त्याचे क्रेट एकेका ओळीत जोडत जायचे."

"हा तारा कशाचा?"

"अनेक. एका लॉटचे कितीही क्रेट."

"म्हंजे एका बापाला कितीबी पोरं. आन् एका पोराला?"

"एकच बाप."

तुम्ही हसलात. "कागदावर बराबर हाय, मॅडम. पर आमच्या क्रेटला कधी कधी दोन बाप असतेत."

आजूबाजूचे दोघे-तिघे फिसकन हसले आणि माझे कान तापले. तुमच्या ते लगेच ध्यानात आलं. "माफ करा, माझ्या तोंडाला लगाम नाय," म्हणालात आणि मला क्रेटांच्या रांगेपाशी नेलंत. तिथं समजावून दिलंत. क्रेट पाचशे पिनांचा. लॉट काही पाचशेच्या पटीत निघत नाही. शेवटच्या क्रेटमध्ये कधी दोनशे पडतात, कधी चारशे. अर्धा क्रेट ठेवायला जागा नसते, म्हणून पुढच्या लॉटच्या पिना घालून तो भरतात. "याला आमी भरती म्हणतो. रोज व्हते."

"पण दोन लॉट मिसळायचे नाहीत असा नियम आहे ना? तिथं भिंतीवर लिहिलाय."

"नियम भितीवर हाय, क्रेट जमिनीवर हाय. तुमी कुठल्या?"

"लासूर स्टेशनच्या."

"मग आडतीवर कांदा बघितला असंल. गोणी कमी भरली तर शेजारच्या ढिगातले चार कांदे टाकतेत का नाय?"

टाकतात. माझ्या काकांना टाकताना मी लहानपणापासून बघितलं होतं. पण मी सव्वीस वर्षांची होते आणि कारखाना म्हणजे आडत बाजार नव्हे, असं तुम्हाला ऐकवून मोकळी झाले. चुकीच्या सवयीला फॉर्ममध्ये जागा दिली की ती सवय पक्की होते, असं माझं म्हणणं होतं. ते अगदीच पोकळ नव्हतं. मॅनेजर जाधव साहेबांनी माझ्या बाजूनं मान हलवली, आणि आकृतीत एका क्रेटला एकच लॉट राहिला.

फॉर्म सुरू झाला त्या आठवड्यात तुमचा फोन आला. भरतीच्या क्रेटला दुसरा लॉट जोडायला गेलं की पडद्यावर तांबड्या अक्षरांत ओळ यायची. तुम्ही ती मला मोठ्यानं वाचून दाखवलीत, एकेक शब्द सुटा करून. "हा. क्रेट. आधीच. दुसऱ्या. लॉटला. जोडलेला. आहे." मग म्हणालात, "मॅडम, तुमचा फॉर्म मला खोटं लिव्हायला लावतोय."

"मिसळूच नका ना मग, सलीमभाई."

महिन्याभरानं पुन्हा फोन केलात. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसरा फोन आला नाही. तुम्ही सगळे भरतीचा क्रेट नंतरच्या लॉटखाली लिहून टाकू लागलात, म्हणजे तांबडी ओळ येत नसे. पडद्यावर सगळं कसं स्वच्छ. मला वाटलं, माझ्या फॉर्मनं शिस्त लावली. तुम्ही मात्र खिशात मावेल अशी शंभर पानी वही केलीत आणि कुठल्या क्रेटमध्ये कुठल्या दोन लॉटच्या किती किती पिना, ते तारखेनिशी लिहायला लागलात. हे मला माहीत नव्हतं.

एवढं असूनही तुम्ही माझ्याशी कधी फटकून वागला नाहीत, याचं आजही नवल वाटतं. कारखान्यात आले की आधी तुमच्या टेबलाशी यायचे. पिन लोखंडावर टाकून आवाज ऐकायला तुम्ही शिकवलंत. धड पिन घणघणते, तडा गेलेली टक् करून बसते. मला डोळे मिटायला लावायचात आणि एकामागून एक वीस पिना टाकायचात. मी सतरा-अठरापर्यंत पोचले होते. "चला, फॉर्मवाल्या बाईला कान हायेत," असं म्हणून भाभींनी दिलेली खिचडी आणि चिंचेचा खट्टा माझ्या डब्याच्या झाकणात वाढायचात. चौकटी काढण्याआधी जमिनीवर जाऊन उभं राहावं, हे मी तुमच्याकडून शिकले. तुमच्या कारखान्यानंतर ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथं ते पाळलं. तुमच्याच कारखान्यात पाळलं नाही.

मग तो सोमवार आला. ज्या कंपनीला आपल्या पिना जायच्या, तिथल्या जोडणीच्या लाइनवर एक पिन तडकलेली सापडली. लॉट नंबर कळला. फॉर्म उघडला, त्या लॉटखाली अकरा क्रेट दिसले, अकराही थांबवले. मी स्वतः तिथं होते. पाच मिनिटांत यादी काढून दिली म्हणून जाधव साहेबांनी माझं कौतुक केलं. बुधवारी दुपारी तुम्ही धावत त्यांच्या केबिनमध्ये आलात. हातात ती वही होती, दोन दिवस घरी राहिली होती म्हणालात. त्या लॉटच्या एकशेचाळीस पिना बाराव्या क्रेटमध्ये होत्या, जो फॉर्ममध्ये पुढच्या लॉटचा म्हणून नोंदलेला होता. आणि तो क्रेट सकाळीच गाडीत चढून गेला होता.

ब्रेकमधली पिन. तुम्हीही घाम पुसत होतात, साहेबही. फोनाफोनी झाली. क्रेट तिकडच्या गोदामात उतरला होता, अजून उघडला नव्हता. एकही पिन गाडीला लागली नाही. ते कळल्यावर साहेब खुर्चीत मागं टेकले आणि पाणी प्यायले. आणि मग त्यांना राग आला.

"ही वही कधीपासून लिहिताय?"

"अडीच वरीस झालं असंल."

"म्हणजे अडीच वर्षं मिसळ चालू आहे, आणि तुम्ही सही करताय. फॉर्ममध्ये का नाही लिहिलं?"

"फॉर्म घेत नव्हता, साहेब."

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, फॉर्म घेत नव्हता?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी टेबलाच्या कडेकडं बघत होते. मी म्हणाले, "फॉर्म ठरलेल्या पद्धतीप्रमाणंच आहे, सर. आणि शेऱ्याचा रकाना होता."

होता. चाळीस अक्षरांचा, कुणीही कधीही न वाचणारा. त्यात तुम्ही लिहावं असं मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही दोनदा फोन केला होता, हेही मी त्या केबिनमध्ये सांगितलं नाही. आणि तुम्हीही सांगितलं नाहीत! एवढं एक वाक्य बोलला असतात तर मी तिथंच उघडी पडले असते. तुम्ही वही मिटलीत आणि बाहेर गेलात.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला तपासणीवरून काढून गेटजवळच्या स्टोअरमध्ये बसवलं. ज्या माणसाला पिनेचा आवाज ऐकू यायचा, तो निवृत्त होईपर्यंत हातमोजे आणि चिंध्या वाटत राहिला. कारखान्यात शिरायचं तर त्या खिडकीवरूनच जावं लागायचं. मी एकदा गेले. तुम्ही "कशा हाय, मॅडम?" असं नेहमीसारखं विचारलंत. त्यानंतर त्या कारखान्याची कामं मी ऑफिसातल्या दुसऱ्या बाईंकडं दिली.

यंदा जाधव साहेबांनी नवा फॉर्म करायला सांगितला, आणि तो मीच करावा असं कळवलं. जुनी आकृती उघडली तर त्या दोन चौकटी आणि मधली रेघ तशीच. कारखान्यातला मशीनवरचा कैलास काही माहिती द्यायला आमच्या ऑफिसात आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सलीमभाईचं काय खरं नाय आता. घरी मशीन लावलंय हवेचं." त्या रविवारी मी बजाजनगरला तुमचं घर शोधत आले.

पलंगावर उशांना टेकून बसला होतात. नाकाला नळी, कोपऱ्यात मशीन घरघरत होतं. किती वाळला होतात. मला बघून नळी सारखी केलीत आणि म्हणालात, "या, या. रुकय्या, एक-बापवाली मॅडम आली."

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती कुठल्या कुठं गेली. मी स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाले, "सलीमभाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. फॉर्म घेत नव्हता. तुम्ही दोनदा सांगितलं होतं."

"मालूम है," तुम्ही म्हणालात. "बसा तर खरं."

मी बसले आणि मला रडू फुटलं. भाभी आतून पाणी घेऊन आल्या आणि तुम्ही त्यांना म्हणालात, तूही ऐक, तुलाही सांगितलेलं नाही.

"वही घरी राहिली हुती, असं साहेबांना सांगितलं मी. खोटं हुतं. वही खिशातच हुती. सोमवारीच मला ठाऊक हुतं की बाराव्यात बी माल हाय." तुम्ही श्वास घ्यायला थांबलात. "पर तुमचं कौतुक चाललं हुतं. पाच मिनटात यादी! मला वाटलं, थांब. बघू दे यांचा फॉर्म कसा तोंडावर पडतोय ते. क्रेट आपल्याच स्टोअरला हाय, जातोय कुठं. दोन दिवस थांबलो. बुधवारी गाडी गेटच्या बाहेर पडली, नंतर स्टोअरला बघतो तर क्रेट नाय. तसाच केबिनकडं पळालो. कुणाच्या पोराच्या गाडीला ती पिन लागली असती तर..."

भाभी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मशीन चालू होतं. मला काय वाटलं ते सांगू? तुमचा राग यायला हवा होता. तो आलाही असेल थोडा. पण त्याहून जास्त वाटलं की तीन वर्षं मी ज्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं होतं, तिथं दुसरंही कुणी बसलेलं होतं. तुम्ही स्टोअरच्या खिडकीत गप्प का राहिलात, हे मला कळलं असं वाटलं. आता शंका येते. केबिनमध्ये माझ्याकडं बघून तुम्ही बोलला नाहीत, ते तुमच्या खिशातल्या वहीमुळं की माझी कीव आली म्हणून? विचारायचं राहून गेलं. तुम्ही दुसरंच काहीतरी सांगितलं असतं, असंही वाटतं.

मी म्हणाले, मी साहेबांना सगळं लिहून कळवणार आहे. तुम्ही बोट वर केलंत. "लिव्हा. पर लिव्हाल तवा दोघांचंबी लिव्हा. एकाचं नक्को." म्हणूनच आज इथंही दोघांचं लिहितेय.

मग तुम्हीच म्हणालात, कागद काढा. औषधाच्या पाकिटाच्या मागं मी पुन्हा दोन चौकटी काढल्या, आणि तुम्ही माझ्या हातातून पेन घेऊन दोन्हींच्या मध्ये तिसरी काढलीत. थरथरती होती, पण बंद झाली. लॉट कुठला, क्रेट कुठला, पिना किती, एवढंच त्या मधल्या चौकटीत. एका क्रेटखाली अशा दोन ओळी आल्या की झाली मिसळीची नोंद. दोन फोनांना मी हेच उत्तर द्यायला हवं होतं. मी तिला काहीतरी ऑफिसातलं नाव द्यायला निघाले, तर तुम्ही म्हणालात, "नाव हाय की. भरती."

तिथवर आपलं जमलं. पुढं पुन्हा जुंपली. लॉटच रद्द झाला तर त्याखालच्या नोंदीही आपोआप पुसल्या जाव्यात, असं माझं म्हणणं. तुम्ही उशीवरून पुढं झालात. "बाप रद्द झाला म्हणून पोरं पुसायची व्हय? पिना तर क्रेटमधीच हायेत! कुठं जातेत त्या?"

"पण रिकाम्या लॉटला टांगलेल्या नोंदी ठेवून करायचं काय?"

"खोडा. पर खोडलेलं दिसलं पायजे. माझ्या वहीत खोडलेलं दिसतंय का नाय?"

"वही वेगळी, सलीमभाई, फॉर्म..." आणि आपण दोघंही हसलो, कारण असलंच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी आडतीवरून म्हटलं होतं. हसताना तुम्हाला खोकला आला, तो थांबेना. भाभींनी पेन काढून घेतलं. "बस करो दोनो. सांस चढ री इनकी." तुम्ही हातानंच खूण केलीत, बाकीचं पुढच्या खेपेला. निघताना मला मॅडम म्हणाला नाहीत. "संभाळून जा, बेटा," म्हणालात. 

सोमवारी मी साहेबांना मेल लिहिली. माझं खोटं, तुमचं थांबणं, जुनी आकृती आणि नवी. हातातलं काम जाणार असं धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. दोघांचं वाचलं. नव्या फॉर्ममध्ये भरती घ्या. त्याच संध्याकाळी त्यांनी तुम्हाला फोन केला, हे मला भाभींनी नंतर सांगितलं. फोन स्पीकरवर होता. साहेब म्हणाले, "सलीमभाई, तुम्हाला स्टोअरला पाठवलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एकट्याला पाठवलं ते चुकलं." तुम्ही म्हणे पुष्कळ वेळ हसलात, आणि मग किती दिवसांनी एक पुरी भाकर खाल्लीत.

तुम्हाला नेलं तेव्हा मी आत बायकांत बसले होते. जाधव साहेब बाहेर गल्लीत डोक्याला रुमाल बांधून उभे होते. कैलासनं खांदा दिला, असं कळलं. चार-पाच दिवसांनी पुन्हा गेले तर कोपरा मोकळा होता, मशीन परत गेलं होतं. भाभी हळूच म्हणाल्या, "काल दोपहर को मेरेकू नींद लग गई. तीन घंटे. मशीन की आवाज नै थी ना." आणि मग ओशाळल्यासारख्या माझ्याकडं बघू लागल्या. मी त्यांचा हात हातात घेतला. मला समजत होतं. तुमच्या शेवटच्या आठ दिवसांत काहीतरी सुटलं होतं आणि तुमच्यासकट आम्ही सगळे सुटलो होतो, आणि तरी तुम्ही नाही आहात हे तितकंच खरं होतं. रिक्षातून येताना मला फार एकटं वाटलं. नव्या आकृतीवर आता कुणाशी भांडू?

पुसण्याचा वाद मी माझ्या परीनं मिटवला. रद्द लॉटच्या नोंदी राहतात, करड्या अक्षरांत, मधून रेघ मारलेल्या. करडं कामून, काळंच ठेवा, असं तुम्ही म्हणाला असतात. मी ऐकलं नसतं.

मंगळवारी नवा फॉर्म सुरू झाला. भट्टीशेजारी, दिवसपाळीत. कैलाससमोर भरतीचा क्रेट होता. त्यानं पहिल्या लॉटच्या दोनशे पिना भरल्या, खालच्या ओळीत दुसऱ्या लॉटच्या तीनशे भरल्या, बटण दाबलं आणि हात मागं घेऊन तांबड्या ओळीची वाट बघत राहिला. काहीच आलं नाही.

"घेतलं?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"काय बी न बोलता?"

"काय बी न बोलता."

तो वाकला आणि त्यानं पुढचा क्रेट ओढला.